वितरणाच्या करारावर सही करण्याआधी

तुमची पहिली फिल्म तयार असेल, एक-दोन फेस्टिव्हलमध्ये दाखवून झाली असेल आणि एखादा वितरक आपुलकीने करार पुढे करत असेल, तर सही करण्याआधी थोडा वेळ काढून हे वाचा. आम्ही घाई केली आणि आमचा माहितीपट पंधरा वर्षांसाठी हातचा गेला.

फिल्म चार कर्णबधिर मैत्रिणींची आहे. माझी सहदिग्दर्शक स्वतः कर्णबधिर. बहुतेक बोलणं खुणांच्या भाषेत, त्यामुळे सबटायटल हा या फिल्मचा अर्धा जीव. एडिटिंगपेक्षा जास्त रात्री आम्ही त्यावर घालवल्या. हाताची खूण कुठे संपते, ओळ नेमकी कधी यायला हवी, मागे दार आपटल्याचं कर्णबधिर प्रेक्षकाला कसं कळवायचं, यावर आमची भांडणं झाली आहेत.

एका फेस्टिव्हलमध्ये शो संपल्यावर तो वितरक आमच्याकडे आला. सहदिग्दर्शकेशी बोलताना त्याने दुभाष्याकडे पाहिलं नाही, थेट तिच्या डोळ्यांत पाहून बोलला. कर्णबधिर माणसाशी बोलायची ही रीत फार थोड्यांना ठाऊक असते. तिथेच आम्ही निम्म्या विरघळलो. मग तो म्हणाला, "मोठे वितरक तुमच्यासारख्यांच्या फिल्मला हात लावत नाहीत. आम्ही त्यासाठीच उभे आहोत." त्याने नावंही घेतली. बायकांच्या फिल्म लोकांपर्यंत नेणारी, १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली 'विमेन मेक मूव्हीज'. दिग्दर्शक अ‍ॅव्हा डुव्हर्ने यांनी २०१० मध्ये कृष्णवर्णीय दिग्दर्शकांच्या फिल्मसाठी उभी केलेली आणि पुढे 'अ‍ॅरे' झालेली संस्था. "आम्हीही त्याच वाटेवरचे," असं त्याचं म्हणणं. या संस्थांबद्दल आम्हाला मनापासून आदर होता आणि आजही आहे. त्या आदराच्या आडोशाने तो आत शिरला.

करार आला तेव्हा सोबतच्या पत्रात आधार, साथ, दुर्लक्षितांचा आवाज असे शब्द होते. कराराच्या पानांत त्यातला एकही नव्हता. तिथे होतं ते असं: जगभरातले सगळे हक्क, म्हणजे थिएटर, टीव्ही, ऑनलाइन, शाळा-कॉलेजं, विमानातली स्क्रीनसुद्धा. मुदत पंधरा वर्षं. वितरकाचं कमिशन तीस टक्के. आणि 'वितरणाचा सर्व वाजवी खर्च' आधी वसूल होणार, उरेल ते आमचं. खर्चाला वरची मर्यादा नव्हती. शिवाय फाइल तपासणं आणि प्लॅटफॉर्मवर चढवणं यासाठी आम्हीच आगाऊ फी भरायची होती.

इथे एक फरक समजून घ्या, आम्हाला तो तेव्हा माहीत नव्हता. अ‍ॅग्रीगेटर नावाचा जो मध्यस्थ असतो तो ठरावीक फी घेतो, फिल्म प्लॅटफॉर्मपर्यंत पोचवतो, हक्क तुमच्याकडेच राहतात आणि पुढच्या कमाईत त्याचा वाटा नसतो किंवा अगदी थोडा असतो. वितरक हक्क घेतो आणि कमाईतून कमिशन कापतो. पण मग पदरचे पैसे घालून जोखीमही त्यानेच उचलायची असते. आमच्याकडून फीसुद्धा घेतली, हक्कसुद्धा घेतले आणि कमिशनसुद्धा. जोखीम मात्र पूर्ण आमच्या डोक्यावर राहिली.

फिल्म ऑनलाइन आली त्या दिवशी सहदिग्दर्शकेने घरच्यांना बोलावून स्क्रीनसमोर बसवलं. पहिलं दृश्य सुरू झालं. दोघी मैत्रिणी जिन्यात बसून भराभर खुणा करताहेत, एकीच्या डोळ्यांत पाणी आहे. खाली एकही ओळ नाही. तिने सेटिंग उघडून पाहिलं, तिथे सबटायटलचा पर्यायच नव्हता. आम्ही प्लॅटफॉर्मच्या नियमांप्रमाणे फाइल दिली होती, सबटायटल चित्रावर छापलेली नव्हती, वेगळी फाइल होती. ती कुणी चढवलीच नाही. तिच्या घरच्यांना खुणांची भाषा जेमतेम येते. ते वीस मिनिटं बसले आणि उठले. ती रात्रभर माझ्याशी बोलली नाही. मी सात मेल केले. 'टेक्निकल टीम बघते आहे' एवढंच उत्तर आलं, आणि पाच महिने फिल्म तशीच लोकांसमोर होती. कुणी पैसे भरून पाहिली असेल तर त्याला काय वाटलं असेल, हा विचार अजून छळतो.

करारात सबटायटलचा उल्लेख होता, पण आम्ही ती फाइल द्यायची एवढाच. त्यांनी ती लावायची असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पहिलं हिशोबाचं पत्रक आलं ते एका पानाचं. कमाईचा एक आकडा, त्यातून कमिशन वजा, मग 'फिल्म मार्केट' (म्हणजे फिल्मच्या खरेदी-विक्रीची जत्रा), 'जाहिरात साहित्य', 'इतर'. शेवटी आम्हीच त्यांचं देणं लागत होतो. किती लोकांनी पाहिली, कोणत्या प्लॅटफॉर्मवर, भाड्याने की विकत, काही नाही. मूळ बिलं मागितली तर म्हणाले, करारात तशी तरतूद नाही. खरंच नव्हती. वितरकाची वही तपासायचा हक्क निर्मात्याला देणारं कलम असतं, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

खरा प्रकार उघडा पडला तो योगायोगाने. त्यांच्याच कॅटलॉगमधल्या एका दिग्दर्शकाशी ओळख झाली. तो आपल्या समाजातला पहिलाच फिल्म करणारा, त्यालाही असंच गोड बोलून घेतलेलं. आम्ही दोन्ही पत्रकं शेजारी शेजारी ठेवली. 'फिल्म मार्केट'समोरचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत सारखा. मार्केट एकच, स्टॉल एकच, तिकडे गेलेला माणूसही तोच. तो खर्च सगळ्या फिल्ममध्ये वाटून टाकायचा, तर प्रत्येकीच्या माथी पूर्णच्या पूर्ण लावला होता. नंतर आणखी तिघांची पत्रकं मिळाली, तोच आकडा. वितरकाची बाजू तिथे कायमची संपली. दुर्लक्षितांच्या फिल्म गोळा करण्यामागचं गणितही कळलं: आमच्याकडे वकील नसतो, आणि कुणीतरी आपल्याला निवडलं याचाच आनंद इतका मोठा असतो की प्रश्न विचारायला संकोच वाटतो.

वकिलाने करार वाचला तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "खर्चाची मर्यादा कुठे आहे?" दुसरा, "कंपनी बंद पडली तर हक्क परत येतात का?" हा दुसरा प्रश्न मला तेव्हा लांबचा वाटला. पण २०१९ मध्ये डिस्ट्रिबर ही अमेरिकन अ‍ॅग्रीगेटर कंपनी कोलमडली, तेव्हा कित्येक स्वतंत्र फिल्मकारांचे पैसे अडकले आणि आपलीच फिल्म प्लॅटफॉर्मवरून सोडवून घ्यायला त्यांना वणवण करावी लागली. दिवाळं निघालं किंवा हिशोब ठरल्या मुदतीत आला नाही तर हक्क आपोआप निर्मात्याकडे परत, ही एक ओळ करारात हवीच. थिएटरमधला तोटा ऑनलाइनच्या कमाईतून वळता करून घेण्याचं कलमही तिने दाखवलं. त्यावर आम्ही आनंदाने सही केली होती.

आणि हो, सगळे हक्क एकालाच द्यावे लागत नाहीत. शिक्षणसंस्थांचे हक्क वेगळे ठेवता येतात, माहितीपटाला खरा प्रेक्षक पुष्कळदा तिथेच मिळतो. 'न्यू डे फिल्म्स' ही १९७१ पासूनची सहकारी संस्था फिल्मकार स्वतःच चालवतात, शाळा-कॉलेजं-लायब्ररींना आपल्या फिल्म स्वतः देतात. सही करण्याआधी हे वाचलं असतं तर आम्ही निदान विचारलं तरी असतं. आमच्या वितरकाच्या कॅटलॉगमधल्या दोन दिग्दर्शकांना एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

पाच जणांनी मिळून नोटीस पाठवल्यावर त्यांनी शिक्षणसंस्थांचे हक्क आम्हाला परत केले, कारण त्यात त्यांनी काही केलंच नव्हतं. आता सबटायटल चित्रावरच छापलेली प्रत घेऊन आम्ही कर्णबधिर मुलांच्या शाळांमध्ये जातो. जिन्यातलं दृश्य आलं की सहदिग्दर्शक स्क्रीनकडे नाही, मुलांच्या चेहऱ्यांकडे बघत असते.

बाकीचे हक्क अजून अकरा वर्षं त्यांच्याकडे आहेत. दर तीन महिन्यांनी पत्रक येतं, आणि आमच्या नावावरचं देणं मागच्यापेक्षा वाढलेलं असतं.