तळघरातल्या गालिच्याखाली काय घालावं: फोम, फेल्ट की रबर?

भाच्यानं लातुरात एक तळघर भाड्यानं घेतलंय. दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी एका कोपऱ्यात तबल्याचा क्लास. खाली नुसतं काँक्रीट. फरशी बसवायचं बजेट नाही, म्हणून गालिचा. परवा त्याचा फोन आला, "मामा, खाली फोमच टाका म्हणायलेत सगळे. पाय कसा मस्त रुततो!"

दुकानात पायाला विचारलं तर फोमच जिंकणार. पण पॅड पडून राहणार काँक्रीटवर, आणि काँक्रीटला कुणी विचारत नाही.

मीही विचारलं नव्हतं. आमच्या घराच्या तळघरात मे महिन्यात रीबॉन्डेड फोम टाकला. फोमचे रंगीबेरंगी तुकडे दाबून चिकटवलेला असतो तो. दोन महिने चैन. गौरी-गणपतीला पाहुण्यांच्या गाद्या टाकायच्या म्हणून कोपरा उचलला, तर फोम चहात बुडवलेल्या पावासारखा लदलदलेला. गालिच्याच्या पाठीवर काळे ठिपके आणि कुबट वास. पाणी कुठंच सांडलं नव्हतं. २०१६ च्या एप्रिलात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं आपण ओलीच्या नावानं रडतोय म्हणून बायको हसत होती.

कारण पायाखालीच आहे. आपली काळी माती पाऊस उघडला तरी कितीतरी दिवस पाणी धरून बसते. काँक्रीट ती ओल दिव्याच्या वातीसारखी वर ओढतं. उघड्या जमिनीवर ती उडून जाते, गालिचा टाकला की अडकते. फोम ती पितो आणि वर गालिच्याचं झाकण असल्यानं वाळत नाही. मे महिन्यात हेच काँक्रीट खडखडीत दिसतं, म्हणून उन्हाळ्यात बघून घेतलेला निर्णय फसतो.

तपासणी सोपी आहे. दीड फूट बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून जमिनीला चिकटवायचा आणि निदान सोळा तास हात लावायचा नाही. उचलल्यावर प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब असतील किंवा काँक्रीट काळपट दिसलं, तर ओल खालून येतेय. थेंब वरच्या अंगाला असतील तर ती खोलीतल्या दमट हवेची. तिला एक्झॉस्ट फॅन लागतो. दोन-तीन ठिकाणी करा, भिंतीजवळ नक्की करा. आणि करा भर पावसाळ्यात.

आता फोम की फेल्ट, खरा सामना एवढाच. फोम मऊ आणि बहुतेक ठिकाणी मिळणारा. जमीन पावसाळ्यातही कोरडी निघाली तर खुशाल घ्या, पण जाडी न विचारता डेन्सिटी विचारा: घनमीटरला १०० ते १३० किलोच्या दरम्यानची. गादीवाल्याकडचा बत्तीस-चाळीस डेन्सिटीचा फोम खुर्च्यांच्या पायांखाली काही महिन्यांतच बसतो. जाडी दहा-अकरा मिलिमीटरच्या वर नको. त्याहून जाड पॅडवर गालिचा सारखा लवतो आणि जोड उसवतात.

सिंथेटिक फेल्ट म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांचा दाबलेला नमदा. हाताला चरचरीत, पायाला कडक. दुकानात कुणाला आवडत नाही. पण बुरशीला खायला त्यात फारसं काही नसतं, हवा खेळते, भिजला तरी उन्हात टाकला की लवकर वाळतो. खुर्च्या ओढल्या तरी दबत नाही. तबल्याच्या पोरांना बूड दुखलं तर वर एक गादी टाकता येते. किंचित ओल असलेल्या जमिनीवर माझं मत फेल्टलाच. फक्त ज्यूटचा किंवा लोकरीचा फेल्ट गळ्यात मारून घेऊ नका. गोणपाट ओल्या जागी कुजतं हे आपल्याला शेतावरून माहीत आहेच.

रबर पाणी पीत नाही, आवाजही चांगला दाबतं, म्हणून तबल्यासाठी मोह होतो. पण सलग रबराखाली ओल कोंडते, आणि स्वस्त रबराचा वास बंद तळघरात डोकं उठवतो. कोरड्या जमिनीवर उत्तम. पॅकिंगवाल्याकडचा पांढरा फोम सोडून द्या, तो चपटा होतो.

प्लास्टिकखाली पाणीच साचलं तर मात्र कुठलंच पॅड नको. आधी गच्चीचे पाइप भिंतीपासून लांब सोडायचे, बाहेरच्या जमिनीला उतार द्यायचा, वॉटरप्रूफिंग करायचं. तोवर सतरंजी: सकाळी उचलली, गच्चीवर वाळत टाकली. नवं काँक्रीट असेल तर इंचाला साधारण महिना धरून तेवढं थांबायचं. आणि काहीही घातलं तरी सरसकट चिकटवू नका, कोपरा उचलून बघता आला पाहिजे.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "मामा, एवढं कोण बघतंय ओ!" तरी काल रात्री त्यानं तीन ठिकाणी प्लास्टिक चिकटवलंय, एक तबल्याच्या कोपऱ्यात. पोरांनी पाय देऊ नये म्हणून भोवती खुर्च्या उलट्या टाकल्यात. आज दुपारी उचलणार आहे.