मिररलेससाठी अंडरवॉटर हाउसिंग: आधी पोर्ट ठरवा, मग डबा

मिररलेस कॅमेरा (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) पाण्याखाली न्यायचा तर त्याला हाउसिंग, म्हणजे जलरोधक डबा लागतो. तो पॉलिकार्बोनेटचा (कडक प्लॅस्टिकचा) घ्यावा की ॲल्युमिनियमचा, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. खरं तर त्याचा नंबर दुसरा. फोटोची प्रत ठरते लेन्ससमोरच्या पोर्टवर, म्हणजे डब्याच्या पारदर्शक खिडकीवर. डब्याचं काम पाणी बाहेर ठेवणं आणि बटणं हाताशी आणणं एवढंच. शिवाय डबा एकाच बॉडीच्या मापाचा असतो. पुढच्या मॉडेलमध्ये एखादं बटण दोन मिलिमीटर सरकलं तरी तो बाद होतो. पोर्ट मात्र त्याच कंपनीच्या पुढच्या हाउसिंगला बहुधा चालतात. म्हणून आधी लेन्स ठरवा, ती कंपनीच्या पोर्ट चार्टमध्ये (कोणत्या लेन्सला कोणता पोर्ट, त्या तक्त्यात) आहे का ते पाहा, मग डब्याकडे वळा.

फ्लॅट की डोम

पोर्ट दोन प्रकारचे: सपाट तो फ्लॅट, घुमटासारखा तो डोम. मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणाऱ्या लेन्सला फ्लॅट पोर्ट, यात वाद नाही. अपवर्तनामुळे वस्तू सुमारे १.३३ पट मोठी दिसते आणि मॅक्रोत ते पथ्यावरच पडतं. वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सला मात्र तेच अंगाशी येतं. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरवर) २८ मिमी लेन्सचा ७५ अंशांचा कोन फ्लॅट पोर्टमागे ५४ अंशांच्या आसपास उतरतो, वर फ्रेमच्या कडांना रंगीत झालर येते.

डोम हा कोन वाचवतो, पण त्याचं स्वतःचं लचांड आहे. पाण्यात डोममागचा कॅमेरा खरं दृश्य पाहत नाही. तो डोमने तयार केलेली जवळची, वक्र आभासी प्रतिमा पाहतो. अगदी दूरचं दृश्यसुद्धा डोमच्या पृष्ठभागापासून त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर येतं. १० सेमी त्रिज्येच्या डोमला ते ३० सेमी, ५ सेमीच्या डोमला १५ सेमी. लेन्सला एवढ्या जवळ फोकस करता येत नसेल तर महागडा डोमही कामाचा नाही. प्रतिमा वक्र असल्यामुळे फ्रेमचे कोपरे विरघळल्यासारखे दिसतात. त्यावर उपाय म्हणजे मोठा डोम आणि लहान केलेलं ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान). फुल फ्रेमवर एफ/८ ते एफ/११ धरून चला. रेक्टिलिनियर (सरळ रेषा सरळच दाखवणाऱ्या) वाइडला एफ/१३ सुद्धा लागतं. फिशआयला (रेषा वाकवणाऱ्या अतिवाइड लेन्सला) हा त्रास बराच कमी, म्हणून ती छोट्या, ४ इंची डोममागेही चालते आणि विषयाच्या नाकाशी नेता येते.

एक्स्टेन्शन रिंगमध्ये, म्हणजे डबा आणि पोर्ट यांमधल्या कड्यात, काटकसर करू नका. लेन्समध्ये समोरून पाहिल्यावर ॲपर्चर जिथे दिसतं, ती जागा डोमच्या वक्रतेच्या केंद्रावर यायला हवी. रिंग लांब झाली तर फ्रेममध्ये डोमचा काठ किंवा शेड दिसते. आखूड झाली तर कोपरे आणखी बिघडतात.

अर्धं पाण्यात, अर्धं वर असे फोटो काढायचे तर ८ इंची डोम घ्या, आणि तो ॲक्रिलिकचा असला तरी चालेल. ॲक्रिलिकवर ओरखडे लवकर येतात, पण पाण्यात ते बरेचसे भरून दिसेनासे होतात आणि घरी पॉलिशही करता येतात. काचेवर ओरखडे सहज येत नाहीत, आले तर मात्र निघत नाहीत. काच जडही असते.

एकाच डाइव्हमध्ये मॅक्रो आणि वाइड दोन्ही हवं असेल तर फ्लॅट पोर्टवर वेट लेन्स (पाण्यातच बाहेरून लावता-काढता येणारी लेन्स) लावा. पाण्यात उतरल्यावर ती एकदा काढून परत बसवा. मध्ये अडकलेला हवेचा बुडबुडा फोटोत मऊ डागासारखा उतरतो.

पॉलिकार्बोनेट की ॲल्युमिनियम

पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा मोठा फायदा असा, की ओ-रिंग (सांध्यातून पाणी अडवणारं लवचीक कडं) सगळीकडे सारखी दबली आहे का ते बाहेरून दिसतं आणि आत थेंब आला तर लगेच कळतं. मर्यादा बहुधा ४० ते ६० मीटर; मनोरंजनाच्या डाइव्हिंगची हद्द ४० मीटर धरली तर ती पुरते. ॲल्युमिनियमचे अनेक डबे १०० मीटरपर्यंत चालतात, पण ४० मीटरखाली न जाणाऱ्याने खोलीच्या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत. फरक कळतो तो बटणांत. बटणाच्या ४ मिमी व्यासाच्या दांड्यावर ३० मीटरला पाणी सुमारे ३८० ग्रॅम वजनाएवढा जोर टाकतं. स्प्रिंग हलकी असेल तर बटण दाबलेलंच राहतं आणि कॅमेरा मेन्यूत भटकत बसतो.

लांब व्हिडिओ काढणाऱ्यांनी ॲल्युमिनियमच घ्यावं. धातू कॅमेऱ्याची उष्णता पाण्यात सोडतो, आतली वाफही आधी थंड भिंतींवर धरते. प्लॅस्टिकमध्ये पोर्टवर धुकं धरण्याची शक्यता जास्त. डबा कोरड्या, थंड खोलीत बंद करा आणि आत सिलिका जेलची ताजी पुडी ठेवा.

व्हॅक्यूम व्हॉल्व्ह (आतली हवा पंपाने काढायची झडप) मात्र दोन्हींत हवाच. आतल्या हवेचा दाब सुमारे ०.२५ बारने कमी करून अर्धा तास थांबायचं. दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही तर पाण्यात उतरायचं. डबा एसीतून उन्हात नेला आणि आतली हवा १० अंशांनी तापली तर दाब सुमारे ०.०२५ बारने वाढतो. ती वाढ म्हणजे गळती नव्हे. पाणी बरेचदा उथळातच शिरतं, कारण तिथे ओ-रिंगला घट्ट दाबायला पुरेसा दाब नसतो. व्हॅक्यूम नेमकी तीच कसर भरून काढतो.

कॅमेरा बसवताना

पट्टा, त्याच्या कड्या आणि आयकप (व्ह्यूफाइंडरभोवतीचं रबर) काढा. बाहेर ओढायच्या सगळ्या नॉब आधी ओढून ठेवा, नाहीतर नॉबचा गिअर कॅमेऱ्याच्या डायलवर चढतो आणि कॅमेऱ्याचा ट्रे शेवटचे दोन मिलिमीटर आत जात नाही. झाकण जोर लावून बंद करावं लागत असेल तर थांबा. काहीतरी अडकलं आहे. बंद केल्यावर प्रत्येक बटण आणि झूम रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहा.

डिस्प्ले कायम मागच्या स्क्रीनवर ठेवा. डब्याची भिंत व्ह्यूफाइंडरच्या सेन्सरला डोळ्यासारखीच भासते आणि स्क्रीन काळी पडते. स्ट्रोब (पाण्याखालचा फ्लॅश) वापरणार असाल तर एक्सपोजर प्रिव्ह्यू (फोटो किती उजळ येईल ते स्क्रीनवर आधीच दाखवणारी सोय) बंद करा, नाहीतर एफ/११ आणि १/२०० ला स्क्रीनवर अंधारच दिसेल. बॉडीत फ्लॅश नसेल तर स्ट्रोबला प्रकाशाने इशारा देणाऱ्या फायबर ऑप्टिक केबलसाठी डब्यात बसणारा एलईडी ट्रिगर लागतो. हा खर्च हमखास विसरला जातो.

ओ-रिंगला ग्रीस कंपनीचंच आणि फक्त चकाकी येईल एवढंच लावा. पाणी अडवते ती रिंग. ग्रीस तिला नुसती सरकू देतं. जाड थर केस आणि वाळूचे कण धरून ठेवतो. काही सिलिकॉन रिंग सिलिकॉन ग्रीसने फुगतात, म्हणून कंपनी बदलली की ग्रीसही बदला.

पाण्यातला तोल शेवटी, सगळे आर्म (लाइट धरणारे दांडे) आणि लाइट लावून बघा. पाण्यात १०० ते २०० ग्रॅम जड वाटलं तर मनगटाला सोसतं. समुद्रात जमवलेला तोल गोड्या पाण्यात चालत नाही. ४ लिटर पाणी सारणारा संच तिथे साधारण १०० ग्रॅमने जड होतो, तेव्हा एखादा फ्लोट (संच हलका करणारा तरंगता तुकडा) जादा जवळ ठेवा.