गोठ्यावर टेट्रा पॅकचे पत्रे, दोन पावसाळ्यांनंतर

दापोलीकडे आमच्या गोठ्यावर कौलं होती पण वांदरांनी नुसता उच्छाद मांडलेला, मे महिन्यात शाकारणी करायची नि जून लागेपर्यंत परत पंधरा-वीस कौलांचा चुरा. सिमेंटचा पत्रा मला नकोच होता, त्यात बहुतेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि वांदर पडला की तोही तडकतो. म्हणून दुधा-ज्यूसच्या खोक्यांपासून बनवलेले पत्रे घेतले.

त्या खोक्यात साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के प्लास्टिक नि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. पाण्यात घुसळून कागदाचा लगदा वेगळा काढतात, तो पेपर मिलला जातो, आणि राहिलेल्याचे तुकडे करून गरम प्रेसमध्ये दाबतात, प्लास्टिक वितळून तेच सगळं धरून ठेवतं, वेगळा गोंद लागत नाही. गोठ्यात उभं राहून वर बघितलं तर सगळीकडे चंदेरी चकत्या, मधेच एखादा निळा नाहीतर लाल ठिपका, तो झाकणाचा असणार.

वांदर अजून येतातच, पण पत्रा दबतो नि परत जागेवर येतो, एकही फुटला नाही. शेजारी टिनाची शेड आहे तिथे मे महिन्यात दुपारी पाच मिनिटं थांबवत नाही, आमची गाय त्याच वेळी निवांत रवंथ करत बसलेली असते. पावसाचा आवाजही खूप कमी, आणि खाऱ्या हवेत गंजायचा प्रश्नच नाही.

आता तक्रार. डीलर म्हणाला टिनासारखेच लावा, फिटरने पत्र्याखालचे आधाराचे पाइप चार-चार फुटांवर टाकले आणि पहिल्याच एप्रिलमध्ये उन्हाने पत्रे मधे झोळ पडल्यासारखे वाकले, पावसात तिथे पाणी साचून जोडातून गळायला लागलं, गवताची एक अख्खी गंजी भिजून कुजली हो. शेवटी सगळं उतरवून दोन फुटांवर पाइप घेतले, भोकं जरा मोठी ठेवून रबरी वायसर घातले कारण हा पत्रा उन्हात फुगतो. तेव्हापासून थेंब नाही. पण मजुरी दोनदा गेली, टिनापेक्षा वाचलेले पैसे त्यातच संपले.

चुलीवर किंवा न्हाणीच्या बंबावर मात्र हा घालू नका, शेवटी प्लास्टिक आहे, पेट घेतं.

अहमदाबादला पॅकेजिंगचा कचरा नि नैसर्गिक धागे दाबून मॉडरूफ नावाचं छप्पर बनवलं गेलं, आणि आमच्याकडे परसात नारळाच्या सोडणांचे ढीग नुसते जाळतात, जीव तुटतो बघून. काथ्याचा असा पत्रा इथेच कोणी बनवला तर पडवीसाठी पहिली ऑर्डर माझी.