पोकर चिप्सचा सेट : दिवाळीत घेतला, पावसाळ्यात कळला

घरच्या रमीसाठी दिवाळीत ३०० चिप्सचा सेट घेतला. पैसे लावायचे नाहीत, चिप्स फक्त गुणांपुरत्या. तेव्हापासून बहुतेक रविवारी पेटी उघडतेच.

जाहिरातीत ‘११.५ ग्रॅम, अस्सल कॅसिनो’ असं ठळक लिहिलं होतं. हे वजन प्लॅस्टिकच्या पोटातल्या लोखंडी चकतीचं. लास व्हेगासच्या कॅसिनोतली क्ले (मातीमिश्रित) चिप साधारण ९-१० ग्रॅमची असते आणि आत धातू नसतो. व्यास तेवढा तोच, ३९ मिलिमीटर. त्यामुळे जड दिसतोय म्हणून जास्त पैसे मोजू नका.

मी शिरोली एमआयडीसीत साच्यांच्या कामात आहे. पेटी उघडल्यावर बोट आधी कडेवरच गेलं. पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ, नखाला लागते; काही चिप्सवर फ्लॅशही, म्हणजे त्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक, तशीच राहिली आहे. दहा-बाराची चळत लावली की ती किंचित कलते.

क्ले चिपचं काम निराळंच. नाव क्ले असलं तरी नुसती माती नव्हे, मिश्रण असतं. चकतीच्या कडेला खाचा पाडून त्यात दुसऱ्या रंगाचे तुकडे बसवतात, मधलं छापील चित्र ठेवतात आणि सगळं एकदम गरम साच्यात दाबतात. रंग आतपर्यंत जातो, चित्र अंगात बसतं. नखाने उचकटून दाखवाच!

आमच्याकडे मात्र स्टिकर आहेत. जुलैत आठवडाभर ऊन दिसलं नाही आणि त्यांच्या कडा सुटू लागल्या. त्यात भडंगाची तेलकट बोटं. पांढऱ्या चिप्स पिवळट पडल्या. साबणाच्या पाण्याने डाग जातो, पण स्टिकर वाचवत एकेक पुसावी लागते.

खरी चीड आली ती सुट्या चिप्स मागवल्यावर. विक्रेत्याने पाठवलेला हिरवा रंग स्पष्ट वेगळा, आणि उत्तर काय, तर ‘लॉट बदलला’. कॅसिनोत हे चालत नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात तर चालू चिप्स बदलायची वेळ आलीच तर, म्हणून वेगळा ओळखू येईल असा दुसरा संच कॅसिनोला हाताशी ठेवावाच लागतो. डिसेंबर २०१० मध्ये व्हेगासच्या बेलाजिओतून सुमारे १५ लाख डॉलरच्या चिप्स लुटल्या गेल्या, तेव्हा कॅसिनोने २५,००० डॉलरची ती चिपच बाद करायचं ठरवलं आणि ज्यांच्याकडे ती होती त्यांना पैसे करून घ्यायला एप्रिल २०११ पर्यंत मुदत दिली.

घरच्या खेळाला हा सेट चालतो, पण पुन्हा घेताना मी सिरॅमिक बघेन. त्यात स्टिकर नसतो, छपाई थेट चिपवर असते. आणि जादा चिप्स पहिल्याच ऑर्डरमध्ये मागवेन. नव्या हिरव्या चिप्स सध्या आम्ही पन्नासच्या धरतो.