शिवाजी पार्कजवळचा ‘नवाकोरा’ जुना फ्लॅट: ३ कोटी ९० लाखांत काय मिळतं?

‘फुली रिनोव्हेटेड, रेडी टू मूव्ह, कार पार्किंगसह.’ दादर पश्चिमेला, पार्काच्या मागच्या गल्लीत सत्तरच्या दशकातली चारमजली सोसायटी. तिसरा मजला, टू बीएचके, जाहिरातीत ६४० चौरस फूट कार्पेट, मागणी ३ कोटी ९० लाख. कट्टा पायी तीन मिनिटांवर. या भागातल्या बऱ्याच जुन्या इमारती पागडीच्या आहेत, म्हणजे राहणारा भाडेकरू, मालक दुसराच. ही नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था आहे, म्हणजे शेअर सर्टिफिकेट (सभासदत्वाचा दाखला) आहे आणि बँकेचं कर्ज मिळायला अडचण येऊ नये. जागेबद्दल वाद नाहीच. आतल्या चकचकाटाचे वेगळे पैसे मोजायचे का, एवढाच प्रश्न आहे.

आधी माप. लेझर मीटरने मूळच्या भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं तर ५९८ भरतात. उरलेले ४२ म्हणजे हॉलमध्ये ओढून घेतलेली बाल्कनी. मधली भिंत पाडली, वर फॉल्स सीलिंग केलं, खाली एकसलग टाइल बसवली. पण सीलिंगमधली खाली उतरलेली तुळई लपत नाही. जाहिरातीच्या हिशेबाने दर चौरस फुटाला सुमारे ६१ हजार पडतो, म्हणजे या ४२ फुटांचेच साडेपंचवीस लाख. महापालिकेच्या मंजूर नकाशात ही जागा बाल्कनीच असेल आणि आत घ्यायची परवानगी काढलेली नसेल, तर पुनर्विकासात बिल्डर ती मोजेलच असं नाही. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडून घ्या आणि हॉलमध्ये उभं राहून ताडून बघा. शिवाय ही खिडकी पश्चिमेची. समुद्राकडून येणारा आडवा पाऊस स्लायडिंगच्या रुळात साचतो, आणि सिलला बाहेरच्या बाजूला उतार नसल्यामुळे तो आत येणार. कोपऱ्यातला रंग आत्ताच फुगलेला आहे.

स्वयंपाकघराचं काम मात्र मनापासून केलेलं आहे. ओटा चौतीस इंच उंच, ग्रॅनाइटची कड गोल केलेली, पाण्याच्या लाइनी सीपीव्हीसीच्या (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), आणि सिंकखाली हात जाईल अशा जागी बंद करायचा कॉक. असा कॉक निम्म्या नव्या घरांतही सापडत नाही.

गडबड आहे ती बाथरूममध्ये. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो. त्यात विटांचे तुकडे आणि कोबा भरून वॉटरप्रूफिंग केलेलं असतं. नूतनीकरण नीट करायचं तर ते सगळं स्लॅबपर्यंत फोडून पुन्हा करावं लागतं: आठ-दहा दिवस, गोण्याच्या गोण्या डेब्रिज आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी. इथे जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवली आहे. ओळखायचं कसं? बाथरूमची जमीन पॅसेजपेक्षा निदान अर्धा-पाऊण इंच खाली हवी. इथे दोन्ही एका पातळीत आहेत आणि पाणी अडवायला ग्रॅनाइटचा उंबरा लावलाय. बादलीभर पाणी ओतलं तर कमोडमागच्या कोपऱ्यात थारोळं राहतं, नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीकडे जात नाही. टाइलवर नाणं आपटून बघितलं तर दाराजवळच्या चार टाइल पोकळ वाजतात.

आता खालच्या मजल्यावर जाऊन, परवानगी घेऊन, त्यांच्या बाथरूमचं छत बघा. पिवळे डाग असतील तर ते तुमचे होणार, कारण फ्लॅटच्या आतल्या गळतीचा खर्च उपविधींनुसार सभासदाचा असतो. सौदा करण्याआधी ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी अठ्ठेचाळीस तास साठवून ठेवायला सांगा. विकणारा नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा. आणखी एक: आतले नवे पीव्हीसी पाइप डक्टमधल्या जुन्या बिडाच्या पाइपाला जोडलेत. गळतं ते बहुधा या जोडावर, आणि मग सोसायटी म्हणते तुमचं, तुम्ही म्हणता सोसायटीचं.

फॉल्स सीलिंगमधला एक दिवा खाली ओढून भोकातून मोबाइलचा टॉर्च आत मारा. समुद्राजवळच्या इमारतींत खाऱ्या हवेने सळई गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटचा पोपडा ढकलून देते. इथे बेडरूमच्या स्लॅबवर तांबूस रेघा दिसतात. पोपडे अजून सुटलेले नाहीत, पण वरून जिप्सम लावून काम झाकलंय हे नक्की.

वीज: आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडते, छान. पण दीड टनाचे तीन एसी आणि गिझर मिळून साडेसहा किलोवॅटच्या आसपास जातात, आणि बेस्टच्या बिलावर मंजूर भार ४ किलोवॅट आहे. दोन एसी एकाच २.५ चौरस मिलिमीटर वायरवर आहेत. प्रत्येकाला ४ची स्वतंत्र लाइन हवी. भार वाढवायला अर्ज करता येतो, पण इमारतीची मुख्य केबल तो पेलेल का, हेही विचारा.

आता सोसायटी, कारण खरेदी मुळात तिचीच आहे. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, सिंकिंग फंडाची (मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीची) शिल्लक आणि स्ट्रक्चरल ऑडिट मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला ऑडिट सक्तीचं आहे. कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर, झालाय का आणि मालमत्ता पत्रकावर नाव कोणाचं, हे बघा. सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं वाचा: पुनर्विकासाचा ठराव आला असेल तर इमारतच पडणार, मग आतल्या चकचकाटाची किंमत शून्य धरा. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते तो हस्तांतर प्रीमियम महापालिका क्षेत्रात जास्तीत जास्त २५,००० रुपये. ‘विकास निधी’ म्हणून लाखांत मागितलं तर द्यायचं बंधन नाही. पार्किंगचं म्हणाल तर जागा सोसायटी वाटते, सभासद ती विकू शकत नाही. जाहिरातीतल्या ‘सह’ला म्हणूनच काही किंमत नाही. वाटपाचं पत्र किंवा प्रतीक्षायादी दाखवायला सांगा.

शेअर सर्टिफिकेट इथे वडिलांच्या पश्चात नॉमिनी म्हणून एका मुलाच्या नावावर झालंय. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाकी वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. एखादा भाऊ परदेशी असला तर यालाच महिने जातात. हिस्सा न सोडता तो स्वतः विक्रेता म्हणून सही करणार असेल तर टीडीएसचा (त्याच्या पैशांतून आधीच कापायच्या कराचा) नियमच बदलतो.

वरचा खर्च धरून चला: ३ कोटी ९० लाखांवर ६ टक्क्यांनी मुद्रांक शुल्क २३ लाख ४० हजार, नोंदणी फी ३०,०००. खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर शुल्कात १ टक्का, म्हणजे ३ लाख ९० हजार वाचतात. निवासी विक्रेत्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायची जबाबदारी तुमची.

आमच्या मते ५९८ फुटांचे ३ कोटी ६४ लाख धरावेत, त्यातून दोन्ही बाथरूम फोडून करण्याचे चार लाख वजा करावेत आणि ३ कोटी ६० लाखांपासून बोलणी सुरू करावीत. स्वयंपाकघरासाठी वर दोन-तीन लाख चढवायला हरकत नाही. हक्कसोडपत्र तयार नसेल तर जुलैपर्यंत थांबा आणि पावसात ती पश्चिमेची खिडकी एकदा बघून या.