मालवणात एकच सकाळ आहे: सिंधुदुर्ग की देवबागची खाडी?

किल्ल्याची होडी मालवण जेटीवरून सुटते आणि पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. बांधकाम १६६४ ते १६६७चं. होडीवाले साधारण तासाभराने परत बोलावतात. तेवढ्यात शिवराजेश्वर मंदिर, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आणि तटाचा थोडा भाग होतो. अख्खा तट फिरायचा असेल तर होडीत चढण्याआधीच परतीची वेळ ठरवून घ्या, नाहीतर निम्म्यातून पळत यावं लागतं. पाणी सोबत घ्या, ऊन फार लागतं.

देवबागचं गणित वेगळं. इथे घड्याळापेक्षा तिथी महत्त्वाची. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी साधारण सहा तासांनी, बाराच्या आसपास. त्सुनामी बेट हा कर्ली खाडीतला वाळूचा पट्टा, ओहोटीलाच नीट उघडा पडतो. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भर दुपारी गेलात तर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहाल. डॉल्फिन मात्र सकाळी लवकरच. दुपारी वारा सुटला की लाटांत पाठ दिसत नाही, शिवाय बोट आपटते आणि ओकाऱ्या सुरू होतात. डॉल्फिन दिसतीलच अशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. भाडं माणशी की पूर्ण बोटीचं, हे आधी विचारा.

म्हातारी माणसं बरोबर असतील तर खाडी बरी, किल्ल्यात चालणं पुष्कळ. एरवी आमचा कौल किल्ल्याला. लाइफ जॅकेट दोन्हीकडे, बक्कल लावूनच. पावसाळ्यात दोन्ही बंद.