लिम्फोमाची गाठ सोलापुरात तपासताना: सात रस्त्याजवळच्या एका लॅबची सेवा

लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग. त्याच्या गाठीचा प्रकार ठरवण्यासाठी या लॅबचं आयएचसी पॅनल (गाठीच्या कापावर रंग देऊन पेशींची प्रथिनं ओळखणाऱ्या तपासण्या) भरवशाचं आहे. त्याला जोडून मिळणारं ‘अ‍ॅड्हिजन मार्कर’ (पेशींना धरून ठेवणाऱ्या रेणूंचं) पॅनल मात्र सरसकट करून घेऊ नये.

आधी जमेची बाजू. मानेतली गाठ दिसली की गंडमाळ समजून टीबीच्या गोळ्या सुरू होतात, हे आपल्या भागात नेहमीचं आहे. ही लॅब फक्त सुईच्या तपासणीवर लिम्फोमाचा शिक्का मारत नाही, पूर्ण गाठ काढून पाठवायला सांगते. ते बरोबरच आहे, कारण गाठीची आतली रचना सुईत येत नाही. मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात सीडी १०, बीसीएल ६ आणि मम १ ही प्रथिनं किती टक्के पेशींत आहेत ती टक्केवारी स्वतंत्र लिहून येते. तिन्हींची सीमारेषा ३० टक्के आहे, त्यामुळे नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेल्या रिपोर्टवर प्रकार ठरवता येत नाही. मिक हे प्रथिन ४० टक्के किंवा जास्त आणि ‘बीसीएल २’ हे ५० टक्क्यांच्या वर आहे का, हेही इथं स्पष्ट लिहितात.

खटकते ती बाटली. लॅबकडून मिळणारी बाटली अरुंद तोंडाची आहे. दीड-दोन सेंटिमीटरची गाठ त्यात दाबून घालावी लागते आणि कडेच्या पेशी चिरडतात. फॉर्मलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. गाठ अखंड टाकली तर कडा छान रंगतात, मध्यभाग फिका राहतो आणि तिथला केआय ६७ (पेशी किती वेगानं वाढतात ते दाखवणारा मार्कर) खोटा कमी दिसतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर मधला भाग आणखी लवकर कुजतो. म्हणून रुंद तोंडाचा डबा, १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, गाठीच्या किमान दहापट, आणि सर्जनकडूनच गाठीचे दोन-तीन मिलिमीटरचे काप, एवढं सांभाळा. जखमेच्या स्पिरिटमध्ये किंवा सलाईनमध्ये गाठ ठेवून देऊ नका.

आता अ‍ॅड्हिजन मार्कर, म्हणजे पेशींना एकमेकींशी आणि आजूबाजूच्या ऊतीशी धरून ठेवणारे रेणू. सीडी ४४ हायलुरोनिक आम्लाला चिकटतो. मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमात तो, विशेषतः त्याचं व्ही ६ रूप, जास्त असेल तर आजार पसरण्याशी आणि कमी जगण्याशी संबंध काही अभ्यासांत दिसला. सीडी ५४, म्हणजे आयकॅम १, याचं उलट आहे. शरीराच्या संरक्षक टी पेशी त्यांच्यावरच्या एलएफए १ या रेणूच्या हातानं यालाच पकडतात. गाठीच्या पेशींवरून तो हरवला की टी पेशींची पकड सुटते; अशा गाठी पुढच्या टप्प्यात जास्त आढळल्या आहेत.

पण रिटुक्सिमॅब हे लिम्फोमावरचं औषध आल्यानंतरचे निष्कर्ष एकसारखे नाहीत आणि या दोन मार्करवरून आज औषध बदलत नाही. भवितव्याचा अंदाज अजूनही आयपीआय या गुणांकावरच बांधतात: वय ६० च्या वर, रक्तातलं एलडीएच हे एन्झाइम वाढलेलं, रुग्णाची हालचाल, आजाराचा टप्पा आणि गाठींबाहेरची ठिकाणं. लॅबच्या फॉर्मवर एलडीएचचा रकानाच नाही, तो हवा.

त्यात इथला रिपोर्ट ‘सीडी ४४ पॉझिटिव्ह’ एवढंच लिहितो. नेहमीच्या लिम्फोसाइटवरही सीडी ४४ असतोच, मग यातून काय कळणार? साधं रूप की व्ही ६, गाठीच्या किती टक्के पेशी आणि रंग किती गडद, हे तिन्ही असल्याशिवाय त्या ओळीचे पैसे देऊ नका.

एक अपवाद मात्र जरूर करा. सीएलएल (लिम्फोसाइटचा सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग) असेल तर सीडी ४९डी हा मार्कर खरोखर उपयोगी आहे: फ्लो सायटोमेट्रीत (रक्तातल्या पेशी एकेक करून यंत्रानं तपासण्याची पद्धत) ३० टक्के किंवा जास्त पेशींवर असेल तर आजार वेगानं वाढण्याची शक्यता अधिक. यासाठी जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त लागतं. ते फ्रिजमध्ये किंवा थेट बर्फावर ठेवायचं नाही, पण उन्हातही नाही.

रिपोर्टसोबत ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड मागितल्या की लगेच देतात. बार्शी, पुणे किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायचं तर त्या लागतातच. शनिवारी संध्याकाळी दिलेली गाठ फॉर्मलिनमध्ये सोमवारपर्यंत चालते. फ्लोचं रक्त मात्र बाहेरगावी जातं, तेव्हा सोमवार ते गुरुवार सकाळीच द्या.